पुतळाबाईची अकरा मिनिटं

१

चोरी झाली, मारामारी झाली, की माणूस पोलिसात जातो. गाणं पुसलं गेलं तर कुठं जायचं? सारसोळ्याचं एक घर माझ्याकडं आलं. न्याय मागायला नव्हे, माझी गचांडी धरायला. पण ते जरा पुढं सांगतो.

मी हौसेराव. मूळचा सातारकडचा, पण नेरुळात रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान तीस वर्षं चालवलं. मोबाइल आले आणि दुकानाला कुलूप लागलं. आता घरातच धंदा मांडलाय. बेडरूममध्ये एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेला एक जुना टेपडेक. लोकांच्या कपाटातल्या कॅसेटी मी डेकवर वाजवतो, कॉम्प्युटर त्या भरून घेतो, मग पेनड्राइव्हवर घालून देतो. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात. घाई असेल त्यानं दुसरीकडं जावं, मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. आमची राजाबाई म्हणते, "अवं, असल्या तोंडानंच दुकान बसलं."

रविवारी सकाळी सारसोळ्याचे नामदेवशेठ आले. हातात रुमालात गुंडाळलेली एक कॅसेट.

"हौसेराव, यात माझी आय हाय," ते म्हणाले.

त्यांची आई पुतळाबाई म्हणजे धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारणीचा मान मोठा. हळदीपासून वरातीपर्यंत एकेका विधीचं गाणं, म्हणजे धवला, ती म्हणते आणि मगच पुढचं काम होतं. खाडीकाठच्या कितीतरी पोरी पुतळाबाईच्या आवाजात सासरी गेल्या. पण दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली.

आता नामदेवशेठांची लेक मनस्वी हिचं लग्न. हळद पुढच्या रविवारी. आणि पोरीनं हट्ट धरलेला: आजीचा आवाज नसेल तर मी अंगाला हळद लावून घेणार नाही. ही कॅसेट १९९४ सालची, नामदेवशेठांची बहीण स्मिता हिच्या लग्नातली. पुतळाबाईंचे मालक ज्ञानूशेठ यांनी घरच्या टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ-टेपवर, भरलेली. ते जाऊन बारा वर्षं झाली.

"एवढी एकच हाय. जपून हां," असं तीनदा सांगून नामदेवशेठ गेले.

मी डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं, कॅसेट लावली. बँडवाले, भांड्यांचा आवाज, पोरांचा गलका. सतराव्या मिनिटाला ज्ञानूशेठ खोकले आणि त्यांचा आवाज आला, "पुतळे, म्हन आता."

मग टक.

आणि पुढं काही नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची नागमोडी रेघ सपाट झाली. मी वाट बघत बसलो. अकरा मिनिटं गेली. पुन्हा टक, आणि एकदम बायकांचं हसणं, पंगतीची गडबड.

धवला तेवढा गेला होता. नेमका तेवढाच.

मी नामदेवशेठांना फोन करून सांगितलं. संध्याकाळी दार वाजलं. त्यांचा मुलगा रूपेश उभा होता, डोळे लाल.

"काका," तो म्हणाला, "कॅसेट तुमीच पुसली."

२

मी आधीच तापट. त्यात असलं ऐकलं की माझं डोकं सटकतं.

"लेका, तू चड्डीत मुतत होतास तेव्हापासून मी टेप उघडतोय! बस तिथं," मी ओरडलो. राजाबाईनं पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्याकडं डोळे वटारले. मग मी जरा खाली आलो.

रूपेशचा साउंड आणि डीजेचा धंदा. म्हणजे मशीनची भाषा त्याला कळते. मी डेकचं झाकण उघडून त्याच्यासमोर धरलं.

"हे वाजवायचं हेड. आणि याच्या शेजारी जागा रिकामी दिसती का? तिथं पुसायचं हेड असतं. ते मी वीस वर्षांपूर्वी काढून फेकलंय, गिऱ्हाइकाची कॅसेट चुकूनसुद्धा पुसली जाऊ नये म्हणून. या मशीनला पुसताच येत नाही."

तो वाकून बघत राहिला. "सॉरी काका," एवढंच म्हणाला. पोरगं वाईट नव्हतं, घाबरलेलं होतं.

"मग फीत जुनी झाली म्हणून आवाज गेला असेल," तो म्हणाला.

"जुन्या फितीचा आवाज हळूहळू मरतो, खरखरत मरतो. इथं दोन्ही टोकांना टक आहे. कुणीतरी रेकॉर्डचं बटण दाबलं आणि अकरा मिनिटांनी बंद केलं. आणि हे बघ."

कॅसेटच्या पाठीला दोन बारीक पाकळ्या असतात. पाकळी मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. ज्ञानूशेठांनी ती आठवणीनं मोडली होती. पण मोडलेल्या जागेचं भोक आता बुजवलेलं होतं. निळा नायलॉनचा दोरा, गाठीवर गाठ मारून, गच्च बसवलेला. भोक बुजलं की मशीन फसतं आणि पुन्हा भरू देतं.

"हे चुकून होत नाही, रूपेश. कुणीतरी बसून केलंय. आणि कॅसेट तुमच्या घराबाहेर गेली नव्हती."

त्याचा चेहरा उतरला. मी विचारलं, "जुनं टू-इन-वन आहे का रे घरात?"

"आजीच्या खाटेखाली आहे. पण ते बंद आहे," तो पटकन म्हणाला. "एकदम बंद. बघण्यात काही पॉइंट नाही."

एवढ्या घाईनं कुणी मला मशीन बंद असल्याचं सांगितलं की मला ते उघडावंसं वाटतं.

३

सोमवारी दुपारी मी सारसोळ्याला गेलो. नामदेवशेठांची चार मजली इमारत, तळमजल्याला पुतळाबाईंची खोली. खिडकीतून जेट्टीकडचा वारा येत होता. म्हातारी खाटेवर उशीला टेकून बसलेली. अंग वाळलेलं, पण डोळे एवढे जिवंत की मी आपोआप वाकून नमस्कार केला.

"मावशी, मी हौसेराव. तुमच्या टू-इन-वनचा पट्टा मी बदलायचो."

त्यांनी डावा हात उचलला. ओळखलं होतं.

नामदेवशेठांच्या बायकोनं, सुचितावहिनींनी, चहा दिला. मी विचारलं, कॅसेट शेवटची पूर्ण कधी ऐकली?

"चार वर्सांमागं, गौरीला. तवा सगळा धवला होता. नंतर ती आईंच्या उशाशीच असायची."

म्हणजे जे झालं ते गेल्या चार वर्षांत.

"मी सांगतो कोनी पुसली," नामदेवशेठ एकदम म्हणाले. "सुचिता, तूच. त्या धवल्यात स्मिताचं नाव हाय म्हनून."

सहा वर्षांपूर्वी प्लॉटच्या सहीवरून बहीण-भावात बिनसलं होतं. स्मिता बोनकोड्याला दिलेली, नेरुळपासून असून असून किती लांब, पण तेव्हापासून येणं नाही की जाणं नाही. सुचितावहिनी आणि नणंद तर एकमेकींचं नाव घेत नव्हत्या.

"मी?" वहिनींचा आवाज चढला. "मना तिचं नाव नको होतं, खरं हाय. मी ते तोंडावर बोलली. पन आईंचा आवाज मी पुसीन? दोन वर्सं त्यांचं सगळं मी करतेय, तुमी नाय! आनि रूपेशला इचारा की. तो मागं लागलेला, धवल्याचा रिमिक्स करतो म्हनून. आईंनी त्याला झाडू मारून पळवला."

"मम्मी, मी तेव्हाच सोडलं ते!" रूपेश ओरडला.

मनस्वी दाराशी उभी राहून रडत होती. "तुमी भांडत बसा सगळे. माझी आजी गेली त्यातून."

तेवढ्यात पुतळाबाईंनी डाव्या हातानं खाटेची दांडी जोरजोरात बडवायला सुरुवात केली. मान हलत होती: नाही, नाही, नाही. तोंडातून नुसता "आँ, आँ" आवाज.

"बघा, तिला पन सहन होत नाय," नामदेवशेठ म्हणाले. "टेपचं नाव काढलं की अशीच करते. हळदीला टेप लावायचं ठरलं त्या दिवसापासून."

मी बघत होतो. म्हातारी सुनेकडं बघत नव्हती, नातवाकडंही नाही. तिची नजर माझ्या खिशातल्या कॅसेटवर होती. पण तेव्हा त्याचा अर्थ माझ्या टाळक्यात शिरला नाही.

मी वाकून खाटेखालचं टू-इन-वन ओढलं. "काका, धूळ आहे, राहू द्या," रूपेश पुढं आला. मी त्याला बाजूला केलं, मशीन पुसलं, वायर लावली. लाल दिवा लागला. बंद कसलं, ठणठणीत चालू होतं.

मग मी ते वळवून बाजूला बघितलं. बाहेरचा माईक लावायच्या भोकात पितळेचा एक तुकडा चमकत होता.

४

"कॉलेजात होतो," जिन्याखाली नेल्यावर रूपेशनं कबूल केलं. "कराओकेचा माईक लावायला गेलो, पिन आत तुटली. आजोबांचं मशीन, म्हणून कोणाला बोललो नाही. काका, आईशप्पथ, एवढंच केलं. पुसली नाही."

पण त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत होतं, आणि माझ्या डोक्यात काय ते त्याला. माईकच्या भोकात पिन असली की मशीनला वाटतं बाहेरचा माईक जोडलाय, आणि ते आपला आतला माईक तोडून टाकतं. मग रेकॉर्ड दाबा, खोलीत बोंबला, फितीवर कोरं जाणार. कॅसेट शांत पुसायला याहून सोयीचं मशीन नाही. आणि पिनीचं गुपित ठाऊक होतं एकट्या रूपेशला.

घरी येऊन मी हे राजाबाईला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"म्हंजी पोरानंच पुसली म्हना की."

"दुसरं कोण? सगळं जुळतंय."

"अवं, पर किती वेळ लागतो पुसायला?"

"अकरा मिनिटांचं गाणं, अकरा मिनिटं. फीत जेवढ्या वेळात फिरेल तेवढा वेळ."

राजाबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि हात झटकले. "राग आलेलं मानूस अकरा मिनिटं मशीनम्होरं बसतंय व्हय? फीत वढायची, तोडायची, चुलीत घालायची. आन् तुमीच म्हनला, त्ये म्हातारबाबा 'म्हन आता' म्हनले तितनं सुरू. येवढं नेमकं कशापायी? पुसनाऱ्याला काय, थोडं म्हागं-फुडं झालं तर बिघडलं?"

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली. "तुमी सगळ्यांना इचारलं. जिच्या लग्नातला धवला, तिला इचारलं का?"

तीस वर्षं दुकान मी चालवलं, असं लोकांना वाटतं.

५

मंगळवारी मी बोनकोड्याला गेलो. स्मिताताई पन्नाशीच्या, आईसारखेच डोळे. माहेरच्या कॅसेटचं काम म्हटल्यावर आधी त्यांनी दार अर्धंच उघडलं. मग धवला पुसला गेल्याचं सांगितलं. मला वाटलं, रडतील किंवा भावाला शिव्या घालतील. त्यांनी दार पूर्ण उघडलं.

"पन ती टेप मनस्वीच्या हळदीला लावनार होते? माझ्या लग्नाची?"

"हो. आजीचा आवाज पाहिजे म्हणून."

"काय येडी की काय ही मानसं!" त्या एकदम बोलल्या. "भाऊ, धवल्यात नवरीचं नाव असतं. माझ्या धवल्यात पावलोपावली स्मिता, स्मिता. एकीच्या नावाचा धवला दुसरीच्या हळदीला? आमची आय हयातीत चालू देनार नाय. ती काय बोलायची, ठाव हाय? ज्या पोरीचा धवला, तिलाच तो लागतो. लगीन लागलं, धवला संपला. बाबांनी टेप केली तवा पन ती हसली होती, शिळा भात कशाला ठेवता म्हनून."

माझ्या डोळ्यांसमोर म्हातारीची मान आली. नाही, नाही, नाही. हळदीला टेप लावायचं ठरलं त्या दिवसापासून.

"तुम्हाला येतात का धवले?" मी विचारलं.

"आयच्या मागं म्हनायला मीच असायची. पन मानाची धवलारीन ती. मी नुसती मागची." आणि त्या जरा मऊ झाल्या. "आय कशी हाय हो?"

मी खिशातून कॅसेट काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटी केली आणि अंगठा त्या निळ्या दोऱ्यावर थांबला.

"ही जाळ्याची गाठ हाय," त्या म्हणाल्या. "फाटलं जाळं शिवताना मारतात ती. बाबा मारायचे नि आय मारायची. मना नाय आली कधी. नामदेवाला तर बुटाची नाडी धड बांधता येत नाय."

बाबा जाऊन बारा वर्षं झाली. आणि चार वर्षांपूर्वी धवला शाबूत होता.

रिक्षात बसल्यावर एकेक गोष्ट आपापल्या जागी बसायला लागली. पुसणाऱ्याला पुसायचंच नव्हतं. बाजारात कोरी कॅसेट मिळत नाही म्हणून घरात होती तीच घेतलेली. आणि 'म्हन आता' ऐकल्यावर बटण दाबलं, कारण तिला गायला सांगायला तो आवाज हवा होता. मेलेल्या नवऱ्यानं म्हण म्हटल्यावर बाईनं म्हटलं होतं.

मशीनमध्ये पिन तुटलीय, हे ठाऊक असलेला माणूस मी शोधत होतो. शोधायला हवा होता तो, ज्याला ते ठाऊकच नव्हतं.

६

रिक्षा तशीच सारसोळ्याला घेतली. सगळे घरात होते. मी पुतळाबाईंच्या खाटेवर बसलो आणि कॅसेट त्यांच्या डाव्या हातात दिली. अंगठा सरळ दोऱ्यावर गेला.

"मावशी, ही गाठ तुमची?"

मान हलली. हो.

"स्मिताताईंच्या धवल्यावर तुम्हीच दुसरं भरलंत?"

हो.

"मनस्वीचा धवला?"

म्हातारीचे डोळे भरून वाहायला लागले. हो, हो, हो. डावा हात मनस्वीकडं गेला.

सुचितावहिनी मटकन खाली बसल्या. "आई दुपारच्या दार लावून बसायच्या," त्या म्हणाल्या. "तोंडाला मुंग्या येतात म्हनून आपन त्यांना डॉक्टरकडं नेलेलं ना, त्याच्यानंतर. मना वाटायचं, झोपल्या. दोन महिन्यांनी मोठा झटका आला." त्या नवऱ्याकडं वळल्या. "आनि तुमी मना चोर केलं."

नामदेवशेठांना मान वर करता येईना. "चुकलो ग," ते म्हणाले.

मनस्वीनं आजीला मिठी मारली होती. "आजी, तू माझ्यासाठी म्हनलीस? लग्न ठरायच्या आधीच? काका, मग लावा ना! लावा ना ती टेप!"

मी रूपेशकडं बघितलं. पोरगं भिंतीला टेकून पांढरंफटक उभं होतं. त्याची तुटलेली पिन. आजीनं मशीनपुढं बसून अकरा मिनिटं जीव ओतला आणि त्या मशीननं काही ऐकलंच नाही. दोन वर्षं म्हातारी हे लोक आपली टेप कधी लावतात याची वाट बघत होती. घरचे 'स्मिताच्या लग्नाची टेप' म्हणायचे तेव्हा ती मान हलवून सांगत होती, स्मिताचा नव्हे, मनस्वीचा धवला आहे. आम्ही तिच्यासमोर 'पुसली, पुसली' म्हणून भांडत होतो आणि ती मान हलवून सांगत होती, पुसली नाही, आहे, लावून बघा.

ते कोरं आहे हे म्हातारीला ठाऊकच नव्हतं, आणि मनस्वी आनंदाच्या भरात विसरली होती. आणि ते सांगायचं कुणी?

"रविवारी लावू, मावशी," माझ्या तोंडून निघून गेलं. "हळदीलाच लावू."

७

घरी येऊन मी स्वतःला शिव्या घातल्या. कसला शब्द देऊन बसलास हौश्या!

राजाबाई म्हणाली, "ऐकलंय का तुमी ते कोरं?"

"बघितलं की. रेघ सपाट आहे."

"बघितलं. ऐकलंय का, म्हनते मी."

मला चपराक बसल्यागत झालं. खरंच, कॉम्प्युटर आल्यापासून मी डोळ्यांनी ऐकायला लागलोय. सपाट रेघ दिसली की कान बंद. दुकानात असतो तर मी स्पीकरला कान चिकटवला असता. आणि एक गोष्ट मी पार विसरलो होतो. ही जुनी मशीनं आवाज कमी आला की आपली ताकद आपणच वाढवत नेतात. आतला माईक तोडला तरी माईकच्या भोकातल्या दोन पत्र्यांमध्ये केसाएवढंच अंतर असतं. पलीकडून थोडंसं झिरपतंच.

बुधवारी सकाळी मी डेकचा बारीक स्क्रू फिरवून हेड त्या अकरा मिनिटांपुरतं नव्यानं जुळवलं. पुन्हा भरून घेतलं. आवाज वाढवला, वाढवला, आणखी वाढवला. आधी नुसता विजेचा गुणगुणाट आला. तो कापला. मग फितीची सळसळ आली. ती थोडी काढली, फार नाही, कारण फार काढलं की माणसाचा आवाजही जातो. मग पंख्याची घरघर. बुधवार गेला, गुरुवार गेला. राजाबाई जेवायला हाक मारायची आणि ताट तिथंच आणून ठेवायची.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला.

मी हेडफोन काढला, पुन्हा लावला. फार लांबून, भिंतीपलीकडच्या खोलीतून यावा तसा, म्हातारा, जरा कापरा, पण सुराला घट्ट धरलेला आवाज. मला रडू आलं, ते सांगायला लाज कसली?

मी नामदेवशेठ, सुचितावहिनी आणि दोन्ही पोरांना घरी बोलावलं. आमच्या एवढ्याशा बेडरूममध्ये सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. आधी ज्ञानूशेठ खोकले. "पुतळे, म्हन आता." टक. आणि मग:

*पयली हळद कोन गो लावी मनस्वी बायेला*
*बोनकोड्याची स्मिता आत्या येऊ दे हळदीला*

मनस्वीनं तोंडावर हात घेतला. नामदेवशेठ भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. ओळ दोनदा येते धवल्यात. दुसऱ्यांदा पण तेच: बोनकोड्याची स्मिता आत्या. आमच्यापैकी कुणीही सुचितावहिनींकडं बघायला धजेना.

त्यांनी पदरानं डोळे पुसले, पर्समधून मोबाइल काढला आणि नवऱ्याला विचारलं, "स्मिताताईंचा नंबर तोच हाय ना जुना?"

रविवारी सारसोळ्याच्या मांडवात रूपेशनं आपले मोठमोठे बॉक्स लावले होते. पण धवल्याला त्यानं आवाज वाढवला नाही. "काका, वाढवला की खरखर वाढते," मला म्हणाला. आवाज बारीक, म्हणून दोनशे माणूस चिडीचूप बसलं. मनस्वी पाटावर. स्मिताताईंनी पहिली हळद लावली आणि लावताना आईच्या मागं मागं ओळी म्हणत गेल्या, लहानपणी म्हणायच्या तशा.

पुतळाबाई खुर्चीवर. स्वतःचा आवाज ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर परीक्षा घेणाऱ्या मास्तरणीचा भाव होता. एका ठिकाणी सूर जरा हलला तर नाक मुरडलं त्यांनी.

सगळं झाल्यावर मी कॅसेट द्यायला गेलो. म्हटलं, "मावशी, आता हा दोरा काढून टाकतो. म्हणजे पुन्हा कुणी यावर काही भरणार नाही. हिचा धवला कायमचा राहील."

त्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. मान हलली: नाही. मग कॅसेट माझ्या हातून घेतली आणि स्मिताताईंच्या हळदीनं भरलेल्या हातात ठेवली.

"आय, मी?" स्मिताताई म्हणाल्या. "मना कुठं येतं एवढं?"

म्हातारीनं दोन बोटं हलवली. म्हण आता.

मी दोरा होता तसाच राहू दिला. सोमवारी ते टू-इन-वन घरी आणलं आणि चिमट्यानं माईकच्या भोकातली पिन तेवढी काढून टाकली.